परातीतली कीड

सगुणाक्का काळेलविषयी लिहायचं म्हणजे आधी माझ्या दाढेविषयी लिहावं लागणार, कारण पुढचं सगळं रामायण माझ्या खालच्या डाव्या दाढेमुळे घडलं. मी शिंपी. बोरजाईवाडीत माझं दुकान आणि आक्काचं घर यांची भिंत एकच. गाव मला टेलर म्हणतं, नावाने हाक मारणारा आता कुणी उरला नाही. मूळचा मी इथला नव्हे. बायकोच्या माहेरी आलो, मशीन मांडलं आणि राहिलो, त्याला अडतीस वर्षं झाली. पहिली दहा वर्षं 'घरजावई' हा शब्द ऐकून ऐकून कान किटले होते. त्यामुळे एखाद्याला गावात आपली जागा किती कष्टाने मिळते, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

आक्काला ती जागा रिंगणीने मिळवून दिली होती.

रिंगणी आमच्याकडे कुणी पेरत नाही. माळावर, बांधाला, स्मशानाच्या वाटेला ती आपली आपण जमिनीला चिकटून पसरते. पानापानावर पिवळे काटे, फूल जांभळं, आणि उन्हाळा लागला की बोराएवढी पिवळी फळं. शेळी सगळं खाते, पण हिच्यापुढे नाक मुरडून जाते. आक्का मात्र चैत्रात भर उन्हात बांधाबांधाने फिरून ती फळं काढायची. हातांना काटे टोचून टोचून तिची बोटं अशी झाली होती, की माझ्या दुकानात रेशमी कापडाला तिने हात लावला तर कापडाचे धागे निघायचे. मी ओरडायचो, ती हसायची.

खोकल्याला, दम्याला ती रिंगणीच्या मुळ्यांचा काढा द्यायची. पण तिचं खरं नाव होतं दाढेच्या धुरासाठी. दहा-बारा गावांतली माणसं गाल धरून तिच्या ओसरीवर यायची. कुणाकडून ती काही घ्यायची नाही. फक्त येणाऱ्याने तूप आपलं आपण आणायचं, एवढाच दंडक. माझी सासू म्हणायची, तूप दुसऱ्याचं वापरलं तर गुण येत नाही.

धूर द्यायची रीत अशी. मोठी पितळी परात पाण्याने भरायची. मधोमध एक दगड ठेवायचा, तो पाण्याच्या वर आला पाहिजे. नांगराच्या फाळाचा एक तुकडा चुलीत लालबुंद करून त्या दगडावर ठेवायचा. ज्याची दाढ दुखते त्याने परातीवर वाकून तोंड उघडायचं, वरून घोंगडं पांघरायचं. मग आक्का घोंगड्याखाली हात घालून त्या लाल फाळावर तुपात घोळलेलं रिंगणीचं बी टाकायची. तड्‌तड् आवाज व्हायचा आणि असा धूर सुटायचा, की डोळ्यांतलं, नाकातलं, तोंडातलं सगळं पाणी परातीत. थोड्या वेळाने घोंगडं बाजूला केलं की दाढ गार पडलेली असायची. आणि परातीच्या पाण्यात बारीक, पांढऱ्या, वाकड्या अळ्या तरंगताना दिसायच्या. कधी पाच, कधी बारा.

"बघ," आक्का म्हणायची, "ही तुझी कीड. पडली बघ समदी."

त्या अळ्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. मी पाहिल्या होत्या. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनीसुद्धा पाहिल्या होत्या, आणि ते तर कशावरच विश्वास ठेवायचे नाहीत. माणूस आपल्या तोंडातून पडलेली कीड डोळ्यांनी पाहून घरी जायचा तो निम्मा तिथेच बरा होऊन.

आता आक्काची सवत, जाईबाई. बिरा काळेलची ती पहिली बायको. आठ वर्षं मूल झालं नाही म्हणून बिराने सगुणाला आणलं. सगुणालाही झालं नाही. मग दोष कुणात होता ते गावाला उमगलं, पण बिरासमोर बोलायची कुणाची टाप नव्हती. बोलणी खायला दोन बायका होत्याच. त्यातही धाकटी जास्त, कारण ती ज्या कामासाठी आणली ते तिने केलं नाही असा हिशेब. जाईबाई तर तिला नावाने कधी हाक मारायचीच नाही. 'ती' म्हणायची. "तिला म्हणावं पाणी भर." "तिनं खाल्लं का विचार." समोर बसलेली असली तरी 'ती'.

या घरात धूर द्यायचा हात होता सासूचा, म्हणजे बिराच्या आईचा. म्हातारीने मरायच्या आधी तो हात थोरलीला सोडून धाकटीला दिला. का दिला कुणास ठाऊक. मला वाटतं, पोरीला काहीतरी असावं म्हणून दिला असेल. झालं, त्या दिवसापासून एका घरात दोन चुली. जाईबाईची चूल उगवतीला, आक्काची मावळतीला, मध्ये कुडाची भिंत. बिरा मेंढरांमागे आठ महिने खाली कऱ्हाडाकडे असायचा, परत आला की एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे जेवायचा. तो मेल्यालाही आता सहा वर्षं झाली होती. चुली दोनच राहिल्या.

आणि तरीही दाढ दुखली की जाईबाई घोंगड्याखाली येऊन बसायची. तूप आपलं आणायची. दात-ओठ खात बसायची, पण बसायची. आणि परातीतल्या अळ्यांकडे तिच्याइतकं निरखून कुणी बघत नसे. "धुराची राणी," म्हणून आक्काला हिणवणारी ही बाई, पण त्या धुरावर तिचा विश्वास गावात सगळ्यांपेक्षा घट्ट होता.

त्या शनिवारी माझी दाढ ठणकायला लागली. तंबाखूची कृपा. लग्नसराई, समोर ब्लाउजांचा ढीग, आणि सुई टोचावी तशी कळ थेट कानात. दुपारी दुकान उघडंच टाकून वाटीभर तूप घेऊन मी आक्काच्या ओसरीवर गेलो.

"आलास का टेलर?" आक्का म्हणाली. "तंबाखू सोड म्हनून सांगितलं, तवा काय म्हनालास? तंबाखूनं दात पक्कं हुत्यात."

"आता टोमणे मारणार का धूर देणार?"

"दोनी देते. बस."

परात भरून ठेवली, फाळ लाल झाला, दगडावर आला. मी वाकलो, वरून घोंगडं पडलं. आक्काने बी टाकलं. पहिला तड् ऐकू आला, आणि त्याच वेळी कुडापलीकडून जाईबाईचा आवाज आला.

"आवं टेलर! शेळी शिरली की तुमच्या दुकानात! पाटलाच्या पोरीचं काय तरी खातीया!"

मी घोंगड्यातून असा उसळलो, की आक्का मागे कोलमडायची राहिली. तोंड अजून उघडलंही नव्हतं. धावत दुकानात गेलो तर शेळी पाटलाच्या पोरीच्या लग्नाच्या ब्लाउजची डावी बाही चघळत निवांत उभी. शेळीशी ओढाताण करून बाही सोडवली. शिवी द्यायला शब्द पुरेनात, इतक्या दिल्या. मग ती लाळेने भिजलेली बाही हातात घेऊन, दाढेचा ठणका घेऊन परत ओसरीवर आलो.

आक्का तशीच बसली होती. घोंगडं एका बाजूला पडलं होतं. ती परातीत बघत होती.

"टेलर," ती म्हणाली, "तू तोंड उघडलं हुतंस?"

"कधी उघडणार? शेळीने..."

"खरं सांग. वाफ तरी तोंडात गेली का?"

"अगं आक्का, नाही म्हटलं ना. उठलोच मी."

"मंग ही कुनाची?"

मी वाकून पाहिलं. पाण्यावर सात अळ्या होत्या. पांढऱ्या, वाकड्या, नेहमीसारख्याच.

मला वाटलं, आधीच्या कुणाच्या राहिल्या असतील. तसं म्हटलंही. आक्का उठली, परात अंगणात ओतली, राखेने घासली, धुतली, नवं पाणी भरलं. फाळ पुन्हा लाल केला. बी टाकलं. घोंगडं नाही, माणूस नाही, आम्ही दोघं दोन हात लांब बसलेलो. तड्‌तड् आवाज झाला, बी फुटून उडालं, आणि पाण्यात अळ्या येऊन पडल्या. एक, दोन, तीन. आमच्या डोळ्यांदेखत.

तिने एक अळी नखावर घेतली. माझा चष्मा मागून घेतला, उजेडाकडे धरून पाहिलं. अळीच्या शेपटाला बीच्या सालीचा तपकिरी तुकडा चिकटलेला होता.

"बीतला कोंब हाय ह्यो," ती म्हणाली. "आतला गाभा. उष्ण्यानं फुटून भाईर पडतोय."

मी चष्मा परत घेऊन दुसरी अळी पाहिली. तिलाही तशीच साल.

"चाळीस वर्सं, टेलर. चाळीस वर्सं म्या लोकांस्नी रिंगनीचं कोंब दाखवून कीड म्हनून सांगितलं. आनी सासूनं मला. आनी तिच्या सासूनं तिला."

तिचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. नवरा गेला तेव्हाही नाही. मला तिची फार दया आली, आणि दया आली की माणूस शहाणपणा सांगायला लागतो. मी सांगितला.

"हे बघ आक्का, गप बस. धुराने ठणका थांबतो ना? थांबतो. मग अळ्या कुठून पडतात ते कुणाला काय करायचंय? मी बोलणार नाही, तू बोलू नकोस."

"थांबतुया," ती म्हणाली. "चार दिस थांबतुया. पर दात तसाच ऱ्हातो न्हवं? म्या सांगते, कीड पडली, दात बरा झाला. मानूस घरी जातंय. आत दात कुजत ऱ्हातोय."

एवढं बोलून ती कुडाच्या भिंतीकडे बघायला लागली. मलाही तेव्हाच आठवलं. जाईबाईचा गाल.

दिवाळीपासून जाईबाईने त्याच दाढेला तीनदा धूर घेतला होता. दर वेळी अळ्या पडल्या, दर वेळी चार-सहा दिवस आराम. शेवटच्या खेपेला तिचा भाचा धोंडीराम तिला तालुक्याला दातांच्या डॉक्टरकडे न्यायला जीप घेऊन आला होता. जाईबाईने त्याला अंगणातूनच परत पाठवलं. "म्या माज्या डोळ्यांनी किडं बगितल्यात. तुजा डाक्टर दावंल का एक तरी?" आणि आक्का ओसरीवरून म्हणाली होती, "जाऊ दे रं धोंड्या, आता एक बी कीड उरली न्हाय." मी ऐकलं होतं. आता गेल्या दोन दिवसांत जाईबाईचा गाल भाकरीसारखा फुगला होता आणि सूज जबड्याखाली उतरत होती. शेळीवर ओरडली तेव्हाही तिचा आवाज तोंड बांधल्यासारखा आला होता.

त्याच संध्याकाळी आक्का कुडापलीकडे गेली. जाईबाईची बाजूही माझ्या दुकानाच्या भिंतीला लागून असल्यामुळे मला सगळं ऐकू आलं. ऐकायचं नव्हतं असं नाही.

"थोरल्या बाई, गुरवारी तालुक्याला दातांचा डाक्टर येतोय. चला."

"कशाला? धूर दे की. तूप काढून ठिवलंय म्या."

"धूर द्यायचा न्हाय आता."

"का गं?"

पलीकडे भांडं उचलून ठेवल्याचा आवाज आला.

"का द्यायचा न्हाय? समद्या गावाला देतीस. वाटंनं जानाऱ्या मानसाला बलवून देतीस."

"त्येनं गुन येनार न्हाय."

"इतकी वर्सं आला, आता बरा येनार न्हाय?"

आक्काला सांगता आलं नाही. मी भिंतीला कान लावून बसलो होतो, मनात म्हणत होतो, सांगून टाक. आणि त्याच वेळी म्हणत होतो, नको सांगूस. त्या घरात तिच्याकडे एवढंच तर होतं. तेही ज्या बाईने चाळीस वर्षं तिला नावाने हाक मारली नाही तिच्याच हातात नेऊन द्यायचं?

ती तशीच परत आली.

रविवारी आणि सोमवारी जाईबाईला भाकरी गिळता येईना. ताक घ्यायची, तेही निम्मं गळ्याखाली ओघळायचं. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. आक्काने सोमवारी दोनदा पेज करून नेली, दोन्ही वेळा वाटी अंगणात आली. धोंडीरामला निरोप पाठवला तर तो मेंढरं घेऊन खाली गेलेला. मंगळवारी सकाळी जाईबाई दारात आली, गाल पदराने बांधलेला, आणि जेवढा आवाज निघत होता तेवढ्या आवाजात तिने वस्ती गोळा केली.

"बगा गं बायांनो! बगा! दुनियेला धूर देती आनी मला देत न्हाय! सवत हाय न्हवं म्या! किड्यांनी खाऊ दे मला, म्हंजी घर हिचं!"

बायका जमल्या, मग बाप्ये जमले. शेवंताबाई म्हणाली, "आक्का, हे बरं न्हवं. वैऱ्याला बी न्हाय म्हनू ने दाढंच्या दुखन्यात." तात्या गोरडने मान हलवली. दोघं-तिघं एकदम बोलायला लागले. सगळ्यांच्या नजरा आक्कावर, आणि त्या नजरा मला ओळखीच्या होत्या. घरजावयावर पडायच्या, त्याच.

आक्का ओसरीवरून उतरली. "बसा समदी," म्हणाली.

परात तिने अंगणाच्या मधोमध, उन्हात आणून ठेवली. पाणी भरलं. शेवंताबाईला म्हणाली, "तू बग, पानी नितळ हाय न्हवं?" शेवंताबाईने पाहिलं. मग दगड, मग लाल फाळ. जाईबाई घोंगडं अंगावर ओढून पुढे सरकली, तेव्हा आक्काने तिला हाताने मागे सारलं.

"तुमी न्हाय. कुनीच न्हाय. समदी दोन पावलं मागं सरा."

तिने बी टाकलं आणि स्वतःही मागे झाली. उन्हात धूर फारसा दिसतही नव्हता. तडतडणं तेवढं ऐकू येत होतं. ते थांबलं तशी आक्का म्हणाली, "या आता. बगा."

माणसं वाकली. परातीत अळ्या होत्या, नऊ-दहा तरी.

तात्या गोरड म्हणाला, "भानामती हाय ही."

"भानामती न्हाय, तात्या. बीतला कोंब हाय. कुनाच्या बी दाढंत कवाच कीड नव्हती. म्या जे दावलं ते रिंगनीचं बी हुतं. मला शनवारी कळलं."

"माज्या दाढंतलं बारा किडं म्या सोता मोजल्यात," शेवंताबाई म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. जणू तिच्या घरातून कुणी काही चोरून नेलं.

"बारा बिया टाकल्या असतील म्या."

"मंग माजी दाढ दुकायची ऱ्हायली कशी?"

"धुरानं बधिर हुती. ठनका बसतो. दात बरा हुत न्हाय, शेवंते. ज्येंची दाढ अजून दुकती त्येंनी डाक्टरकडं जा. म्या सांगते म्हनून जा."

मग बोलणी सुरू झाली. कुणी म्हणालं, चाळीस वर्षं फसवलं. कुणी म्हणालं, म्हातारी सासू असती तर जीभ हासडली असती. मागून एक जण म्हणाला, "गप बसली असतीस तर काय बिगडलं असतं तुजं?" मी मान खाली घातली. शनिवारी मी तेच म्हणालो होतो, आणि तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. त्या अंगणात मी एक शब्द बोललो असतो तर बरं झालं असतं. 'मी पाहिलंय, तिला खरंच माहीत नव्हतं,' एवढंच बोलायचं होतं. बोललो नाही. याची मला अजून लाज वाटते.

हळूहळू अंगण रिकामं झालं. जाताना तात्या परातीजवळ थुंकला. आक्का तशीच उभी होती, हातात बियांची वाटी. जाईबाई घोंगडं पांघरून जमिनीवर बसलेली, परातीत बघत होती. नेहमीसारखीच, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ. तिने एक अळी बोटाने उचलली, चिरडून पाहिली.

"म्हंजी तुला बी ठावं नव्हतं?" तिने विचारलं.

"न्हाय."

"म्हातारीला?"

"न्हाय, मला वाटतंय. ती असं करनारी नव्हती."

जाईबाई गाल हाताने धरून उठायला लागली, आक्काने हात दिला तो तिने घेतला.

"गुरवारी कितीला हाय गाडी?"

"आठला."

"तू यायचं. म्या येकटी न्हाय जायाची. सुईचं लई भ्या वाटतंय मला." आणि मग माझ्याकडे वळून, "तुमी बी चला टेलर. हिला काय वाचता येतंय? अन् कान लावून लावून आमच्या भिंतीचा गिलावा पाडलाय तुमी, त्येची भरपाई करा."

गुरुवारी आठच्या एसटीने आम्ही तिघं तालुक्याला गेलो. खिडकीजवळ जाईबाई, मध्ये आक्का, कडेला मी. रस्त्याच्या खड्ड्यागणिक जाईबाई कळवळायची आणि आक्काची मांडी मुठीत धरायची. आक्का एकदाही हूं की चूं बोलली नाही. सरकारी दवाखान्यात मी चिठ्ठी काढली, नाव घातलं. रांग मोठी होती, पण जाईबाईचा गळा पाहून नर्सने आम्हाला सगळ्यांच्या आधी आत घेतलं.

डॉक्टर कोवळा होता, मिसरूड फुटल्यासारखा, पण हात हलका. त्याने गळ्याखालची सूज चाचपली आणि त्याचा चेहरा बदलला. सुई दिली, चीर दिली, आणि जे बाहेर आलं त्याचं वर्णन मी करत नाही. आक्का जाईबाईचं डोकं पोटाशी धरून उभी होती. दाढ मागाहून काढायची ठरली. गोळ्या लिहून दिल्या, रोज सुई घ्यायला सांगितलं. हात धुताना डॉक्टर माझ्याशी बोलला, कारण मी चष्मा लावला होता.

"आणखी दोन-तीन दिवस थांबला असता तर श्वास बंद झाला असता. इतके महिने काय करत होता तुम्ही?"

"धूर घेत होत्या," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"धूर? ते रिंगणीचं? परातीत अळ्या पडतात ते?" डॉक्टर संतापला. "दर आठवड्याला एक तरी तसला पेशंट येतो माझ्याकडे. कोण बाई आहे ती? नाव सांगा मला. अशा बाईला आत टाकली पाहिजे."

मी आक्काकडे बघायचं टाळलं. ती बोलणार हे मला दिसत होतं. तिने पदर सारखा केला, पाऊल पुढे टाकलं.

पण जाईबाई आधी बोलली. तोंडात कापसाचा बोळा, ओठ बधिर, तरी शब्द न् शब्द कळला.

"मेली ती, सायेब."

"मेली? कधी?"

"मंगळवारी."

"बरं. आणि ह्या कोण?"

जाईबाईने आक्काचा हात धरला. "ही माजी भैन हाय. सगुना. हिनंच आनलं मला हितं."

डॉक्टरने मान डोलावली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. मी सुटकेचा श्वास सोडला. झालं होतं सगळं. चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर पडायचं, एवढंच उरलं होतं.

"मेली न्हाय, सायेब," आक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण आवाज साफ होता. "मीच ती. सगुना बिरा काळेल, बोरजाईवाडी. लिवून घ्या. पर आता न्हाय देत म्या. दाढ घिऊन येईल त्येला हिकडंच लावून देईन."

डॉक्टरचं पेन तसंच थांबलं. तो एकदा आक्काकडे बघायचा, एकदा जाईबाईकडे. दोघींनी अजून एकमेकींचा हात धरलेला. काय लिहावं ते त्याला सुचेना, आणि शेवटी त्याने काहीच लिहिलं नाही. गोळ्यांची चिठ्ठी तेवढी माझ्या हातात दिली.

बाहेर बाकावर बसवल्यावर जाईबाईने तोंडातला बोळा गालाकडे सरकवला आणि आक्काला कोपराने ढोसलं.

"जन्मात पयल्यांदा तुज्यासाठी खोटं बोलले गं, सगुने. त्ये बी तुला सांभाळता आलं न्हाय."